विहिरीतल्या पांढऱ्या रेघा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पस्तीस वर्षं मी सरकारी शाळेत शिकवलं, आणि दरवर्षी परीक्षेच्या हॉलमध्ये उभं राहून पोरांच्या बाह्या, मोजे आणि कंपासपेट्या तपासल्या. तपासायची सवय लागली की ती घरीही येते. भाजीवाल्याने तोललेली वांगी मी घरच्या काट्यावर परत तोलते. दूध घातलं की बोट बुडवून बघते. माझे यजमान हसायचे. म्हणायचे, "तू तं परसादातल्या खारका बी मोजून घेशीन." मी म्हणायची, "मंग? पुजाऱ्यानं काय शपथ घेतली हाये काय?"

आमचं वावर आसेगावच्या शिवारात आहे. यजमान आणि माझे दीर, दोघे भाऊ. सासऱ्यांच्या मागे वावराची वाटणी झाली, मधे बांध पडला, पण विहीर नेमकी बांधावर आली. विहिरीची वाटणी कशी करायची? कागदावर निम्मी निम्मी लिहिली आणि दोघे भाऊ एकाच पाण्यावर पिकं काढत राहिले. आधी विजेची मोटर होती, आता सोलरचा पंप आहे. ऊन आलं की पंप चालतो, ऊन गेलं की थांबतो. पंप एक, त्याला पाईप दोन. मधला वॉल, म्हणजे पाण्याची चावी, फिरवला की पाणी या वावराऐवजी त्या वावरात जातं. यजमान असेपर्यंत कुणी किती पाणी घेतलं हे कुणी विचारलं नाही. मला ते तेव्हाही बरोबर वाटत नव्हतं, पण दोन सख्ख्या भावांमध्ये कोण बोलणार.

यजमान गेले. मी निवृत्त झालेलीच होते, शेतीचा भार माझ्यावर आला. वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात, भाऊजी हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन अंगणात उभे राहिले. दिराला आमच्याकडे भाऊजीच म्हणतात.

"वैनी, दादा होता तवा गोष्ट येगळी होती. आता मी सकाळी जास्त पानी घेतलं तं लोक म्हनतीन, एकट्या बाईचं पानी पेला. इहिरीत खुना करून ठेवतो. तुमच्या डोळ्यासमोर राहीन सारं."

हा रिवाज आमच्या भागात जुना आहे. भागीदारीच्या विहिरीत दगडावर आडव्या रेघा ओढतात. दोन रेघांमधल्या जागेला घर म्हणतात. रात्रीतून झऱ्यांनी विहीर भरली की सकाळी पाणी वरच्या रेघेला लागतं. पहिल्या पाळीवाल्याने ठरलेली घरं उपसायची आणि थांबायचं, दुसऱ्याने तिथून खाली. भाऊजींनी नऊ रेघा ओढल्या. आठ घरं झाली. वरची चार त्यांची, खालची चार माझी. सकाळी ते सुरू करणार, दुपारी त्यांच्या चौथ्या घराखालची रेघ उघडी पडली की मी वॉल फिरवून पाणी माझ्याकडे घेणार.

ऐकायला सरळ होतं, आणि म्हणूनच मला ते सरळ वाटलं नाही. रेघा ओढणारा एकटा माणूस, तोच पहिल्या पाळीचा. ते विहिरीत उतरले तेव्हा मी कठड्यापाशी उभी होते. दोन दिवस त्यांचं खाली काम चाललं होतं आणि मला वरून फक्त त्यांचं डोकं आणि डब्याची कडी दिसत होती. खाली ते बांबूने काहीतरी आडवं-उभं मोजत होते. काय मोजता म्हणून विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण वर्ष झालं होतं फक्त, आणि रंगाचा डबा घेऊन आलेल्या दिरासमोर आपणही मोजायला लागावं हे बरं दिसलं नसतं.

पावसाळ्यात विहीर तोंडापर्यंत भरली, सगळ्या रेघा बुडाल्या, आणि विषय मागे पडला. रब्बीत मी हरभरा पेरला, भाऊजींनी थोडा गहू, थोडा हरभरा. पौषात पाणी वरच्या रेघेवर आलं आणि पाळ्या सुरू झाल्या.

पहिल्याच दिवशी दुपारी मी वॉल फिरवायला गेले. हिवाळ्यातलं ऊन तिरपं, ते विहिरीच्या समोरच्या भिंतीवर पडलेलं होतं, आणि रेघा त्याच भिंतीवर. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड मोजावेत. मी कठड्यावर हात टेकून वाकले. वर भाऊजींची चार घरं नुकतीच उघडी पडलेली, ओली, ऐसपैस. एकेक घर चांगलं हातभर. आणि त्याखाली, पाण्यात, माझी चार घरं. ती एकावर एक चेपून बसवल्यासारखी दिसत होती. वरच्या चार घरांच्या जागेत खालची सहा मावली असती.

राग नंतर आला, आधी भीतीच वाटली. यजमान होते तोवर मी वांगी तोलत होते ते सवयीने. आता खरंच कुणीतरी मला फसवायला निघालं होतं, आणि तेही घरातलं.

मी कुणाला बोलले नाही. चार दिवस रोज दुपारी जाऊन बघितलं. रोज तेच. वरची घरं मोठी, खालची बारकी. मोबाइलवर फोटो काढला. दुपार कलून माझी पाळी संपेपर्यंत ऊन विहिरीबाहेर गेलेलं असायचं. खाली काळा दगड आणि काळोख, रेघ कुठे आहे तेही अंदाजानेच कळायचं. आणि खरं सांगायचं तर मला पुन्हा बघायची गरजही वाटत नव्हती. निकाल लागलेला होता.

एकदा निकाल लागला की पुरावे आपोआप जमतात. भाऊजींचा गहू माझ्या हरभऱ्यापेक्षा हिरवा दिसायला लागला. दोन पिकं वेगळी, हे मला कळत नव्हतं असं नाही. जावेने मेथीची जुडी पाठवली तर मी मनात म्हटलं, पाणी माझं आणि भाजी तुमची. संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आली, गोड बोला म्हणाली. मी गोड बोलले, पण तिच्या तोंडाकडे बघत राहिले, हिला माहीत असेल की नाही म्हणून. पुण्याच्या मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, काका तसे नाहीत." मी म्हटलं, "तू इथं राहत नाहीस."

भाऊजींची मुलगी वाशीमला राहून बारावी सायन्स करते. एका रविवारी ती घरी आली होती, मला भेटायला आली. सातवीपर्यंत ती माझ्याच हाताखाली शिकली. शाळेत म्याडम म्हणायची, घरी मोठी आई. पोरगी हुशार, आणि मला तिचा लळा होता, तो लपवण्यात अर्थ नाही. तरी मी मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. "पाय. तुझ्या बाबांनी मारलेल्या खुना. वरच्या पाय आन खालच्या पाय."

तिने बघितलं, फोटो मोठा केला, आणि हसायला लागली. "मोठी आई, हे पान्यामुळं दिसून राह्यलं."

ती उठली, स्वयंपाकघरातून काचेचा ग्लास भरून आणला, कोपऱ्यात पडलेली तुरीची काडी मोडून त्यात उभी केली. काडी पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखी वाकली. पाण्यातला तुकडा आखूड झाला.

"पाहा. उजेड पान्यातून हवेत येतानी वाकते. म्हनून खालचं सारं वर उचलल्यासारखं दिसते. तुमीच तं शिकवलं होतं आमाले. ग्लास बी तुमीच घरून आनला होता."

आणला होता. मला तो तासही आठवला. फळ्यावर मी पाण्याची आडवी रेघ काढली होती, तिच्यावर तुटक उभी स्तंभिका, आणि तळाच्या नाण्यापासून निघून डोळ्याकडे जाणारा तिरपा किरण. घन माध्यमातून विरल माध्यमात जाताना प्रकाशकिरण स्तंभिकेपासून दूर झुकतो, हे वाक्य मी वर्गाकडून तीनदा म्हणून घेतलं होतं. आपला डोळा सरळ बघतो, त्याला किरण वाटेत वाकला हे कळत नाही, म्हणून तो नाणं भलत्याच जागी आहे असं समजतो, हेही सांगितलं होतं. दरवर्षी सांगत होते. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा.

आणि त्या मुलीला मी काय म्हणाले? म्हणाले, "उजेडाले काय कंबर हाये काय, वाकायले?"

तिला वाटलं मी गंमत करते. ती अजून हसत होती. मग मी विचारलं, "तुझ्या बापानं पाठवलं काय तुले, हे सांगायले?"

तिचं हसू गेलं. ग्लासातली काडी तिने काढली, खिडकीतून बाहेर टाकली, ग्लास धुऊन पालथा घातला. चहा ठेवलेला होता, तो न घेताच गेली.

मी तेव्हा असा विचार केला की ग्लास वेगळा आणि विहीर वेगळी. ग्लासातल्या काडीत माझा वाटा नव्हता, त्यामुळे ती वाकली तरी चालत होती. विहिरीत मात्र प्रकाश वाकून वाकून नेमका भाऊजींच्याच बाजूला कसा वाकतो, हे मला पटेना. पस्तीस वर्षं मी जे शिकवलं त्याच्यावर माझा एवढाच विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या वावरात तुरीची सोंगणी चालू होती. सात-आठ बाया आणि दोन गडी. दुपारी सगळे विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली जेवायला बसले. मी वॉल फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. मास्तरीण होते, आवाज होताच.

"भाऊजी, तुमच्या आन माझ्या खुना सारख्या नाहीत."

भाऊजींनी हातातली भाकर खाली ठेवली. "नाहीत," ते म्हणाले. "बरोबर हाये वैनी. खालच्या..."

"आता बोलले ना खरं!" मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मी माझाच आवाज चढवला. म्हटलं, मला काही ऐकायचं नाही, मला मोजायचं आहे.

"बरं. माह्या हातून मोजा. पानी खाली जाऊ द्या, मी उतरतो."

"तुमी उतरसान आन तुमीच सांगसान. मी उतरतो."

बायांमधली एक म्हणाली, "म्याडम, पडसान ना." भाऊजी सोंगणीला गेले आणि माझं पाणी उपसून होईपर्यंत परत आले नाहीत. साडेतीनच्या सुमारास पंपाने हवा ओढायला सुरुवात केली तेव्हा ते दोर घेऊन आले. माझ्या कमरेला दोन गाठी मारून वर तिसरी मारली, ओढून बघितली, आणि दुसरं टोक स्वतःच्या पाठीवरून घेऊन पाय रोवून उभे राहिले. बायाही विळे टाकून आल्या.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पातळाचा काचा मारून, गळ्यात शिवणकामाचा टेप आणि ब्लाउजमध्ये मोबाइल घालून विहिरीत उतरले. भिंतीत लोखंडी कड्या बसवलेल्या आहेत, त्यावर पाय ठेवत. कड्या ओल्या आणि गार. चौथ्या कडीवर माझ्या मनात आलं की ज्याला मी सगळ्यांसमोर चोर म्हटलं, त्याच्याच हातात माझा दोर आहे. तेही मी संशयानेच घेतलं. दोर जरा सैल झाला की वर बघायची. तो सैल होत होता कारण मी खाली जात होते.

मोबाइलचा उजेड पाडून मी आधी भाऊजींचं शेवटचं घर मोजलं. अठरा इंच, बरोबर हातभर. मग माझं पहिलं. टेप लावला, आकडा बघितला, परत लावला. एकवीस. दुसरं घर बावीस. तिसरं तेवीस. चौथ्याला हात पुरेना म्हणून अजून एक कडी उतरले. चोवीस इंच.

मी टेपवर संशय घेतला. खरंच घेतला. टेप ओला होऊन आखडला असेल म्हणून वर चढून भाऊजींचं घर पुन्हा मोजलं. अठराच.

वरून आवाज आला. विहिरीत आवाज घुमतो, त्यामुळे तो मोठा वाटला, पण ते हळूच बोलत होते. "वैनी, तुमी आता उभ्या हाय तिथून खाली पाशान हाये. बाबानं सुरुंग लावून फोडला तो. तिथून घेर कमी होत जाते. सारख्या खुना केल्या असत्या तं तुमाले पानी कमी आलं असतं. म्हनून खालच्या वाढवत नेल्या."

मी आजूबाजूला बघितलं. खरंच, भिंती आत आलेल्या होत्या. वरून वाकून बघताना मला फक्त रेघा दिसल्या होत्या, भिंत बघितलीच नव्हती. बांबूने त्यांनी दोन दिवस घेर मोजला होता. मी परत खालच्या कडीवर उतरले. माझ्या पायाखाली हातभर पाणी उरलं होतं, आणि टेपचं टोक त्यात पडून पाण्याच्या रेषेवर वाकलं होतं. आतले इंच चेपून बारीक दिसत होते.

"मंग हे आधी काहून नाही सांगितलं?" मी खालूनच ओरडले. लाज वाटली की मी ओरडते.

ते वरून म्हणाले, "सांगितलं असतं तं तुमी इचारलं असतं, मोठ्या काहून केल्या."

एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. भाऊजींनी मला वर घेतलं. गाठ सोडताना त्यांचे तळवे दिसले, दोराने लाल झालेले. दोर गुंडाळून त्यांनी खांद्यावर टाकला आणि तुरीकडे गेले. मला त्याच क्षणी म्हणायचं होतं, चुकलं माझं. दोन शब्द. पण सात-आठ बाया बघत होत्या आणि माझ्या काच्यातून पाणी गळत होतं, आणि मी म्हटलं काय, तर "वॉल जरा गच्च झाला हाये, तेल टाका." ते म्हणाले, "टाकतो." संध्याकाळी त्यांनी खरंच तेल टाकलं.

मी घरी रोज ते दोन शब्द तयार करायची. सकाळी वावरात गेले की कुणी ना कुणी असायचं, किंवा कुणी नसायचं आणि मग त्याहून अवघड व्हायचं. भाऊजी पूर्वीसारखेच बोलायचे, पाळीही पूर्वीसारखीच. पण त्यांची शेवटची रेघ उघडी पडायच्या आधीच ते थांबायला लागले. कधी वीतभर आधी, कधी अर्धं घर आधी. मी बघत होते. कुणीतरी बघणार हे धरूनच ते थांबत होते.

शिमग्याच्या आसपास त्यांच्या वावराच्या पलीकडच्या कोपऱ्यात बोअरची गाडी आली. दिवसभर धडधड ऐकू येत होती आणि पांढरी धूळ माझ्या हरभऱ्यावर बसत होती. दुपारी धूळ थांबली, म्हणजे पाणी लागलं. चौथ्या दिवशी ते सोलरच्या पेटीची किल्ली घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या बाजूचा पाईप त्यांनी सोडवून घेतला होता.

"इहीर तुमी वापरा वैनी. मले बोअर पुरते."

जावेने बोअरच्या पाण्याच्या पूजेला बोलावलं. मी गेले, नारळ दिला, प्रसाद घेतला. पुतणी आली नव्हती, परीक्षा होती म्हणे. खरंच असेल, बारावी होती. मी तिलाही फोन केला नव्हता.

उन्हाळा लागला. मी एकटी ती विहीर वापरायला लागले. नऊच्या नऊ रेघा माझ्या. कुठे थांबायचं नाही, कुणाची पाळी यायची नाही. दुपारी वॉलपाशी जायचं कारण उरलं नाही, तरी मी जायची. बांधापलीकडे कुणी नसायचं. एवढं पाणी मला लागतही नव्हतं. एक दिवस चप्पल घालून सरळ बांध ओलांडला आणि बोअरवर गेले. भाऊजी एकटेच होते, पाईपाचा जोड आवळत उकिडवे बसलेले. मी उभ्या उभ्याच बोलले, नाहीतर बोलणं झालं नसतं.

"भाऊजी, चुकलं माझं. बोअर राहू द्या, पन इहिरीवर परत या. रेघा तुमच्याच हातानं परत मारा. जशा मारायच्या तशा मारा."

त्यांनी पाना खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. रागावलेले नव्हते. रागावलेले असते तर मला सोपं गेलं असतं.

"येतो ना वैनी. उद्या बी उतरतो डबा घेऊन. पन हिवाळ्यात तुमी दुपारी वाकून पाहसान, तवा त्या बारक्याच दिसतीन. मंग?"

मला उत्तर येत होतं. किरण कसा झुकतो ते मी फळ्यावर काढून दाखवू शकले असते. माझ्या हाताने मोजलेले इंच मला पाठ होते. ते वाट बघत होते, आणि मला फक्त म्हणायचं होतं की मंग काही नाही, मले काही वाटनार नाही.

ते खरं आहे की नाही याची मला खात्री होईना. मी उभीच राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांनी पाना उचलला.